लंगडी चक्की आणि बार्नाबेची सही

माँमार्त्रच्या टेकडीवर ताबुरोंची पवनचक्की होती. चार पात्यांपैकी एक हातभर आखूड, म्हणून सगळी वस्ती तिला ‘लंगडी’ म्हणायची. चक्कीनं पीठ दळायचं सोडलं त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. अंगणात बाकं-टेबलं मांडून ताबुरोंनी खानावळ काढली होती. भोवतालच्या गल्ल्यांतले चित्रकार, मूर्तिकार दुपारी तिथं येऊन दारू पीत, उधारीवर जेवत आणि चक्कीची चित्रं काढत. टेकडीवर असा एकही रंगवाला नसेल ज्यानं लंगडीला कागदावर उतरवलं नाही.

रविवारी दुपारी ओनोरीन ताबुरो चक्कीचं दार उघडायची आणि खाली शहरातून आलेल्या लोकांना बार्नाबेची गोष्ट सांगायची. आधी तिचा नवरा आन्सेल्म सांगायचा. तो महायुद्धात, एकोणीसशे पंधरा साली, आर्त्वाच्या आघाडीवर पडला, तेव्हापासून अकरा वर्षं तीच सांगत होती. अठराशे चौदाच्या मार्चमध्ये रशियनांची फौज टेकडी चढून आली. सगळे पळाले. आन्सेल्मचा पणजोबा बार्नाबे तेवढा चक्कीच्या पात्यावर चढला आणि तिथून एकट्यानं गोळ्या झाडत राहिला. शेवटी कोसॅकांनी, म्हणजे रशियनांच्या घोडेस्वारांनी, त्याला टिपला. तो पात्यासकट खाली आला. पातं तुटलं ते तेव्हा, आणि घरच्यांनी ते मुद्दाम आखूडच ठेवलं. इथं ओनोरीन जरा थांबायची. बायका डोळ्यांना रुमाल लावायच्या, पुरुष टोपी काढायचे.

सव्वीस सालच्या मे महिन्यात एका मंगळवारी सकाळी ती स्वयंपाकघरात कणीक तिंबत होती, तेव्हा लार्दनवा मास्तर आले. हे शाळेतून निवृत्त झालेले, आणि टेकडीवरच्या कलावंत मंडळाचे चिटणीस. मंडळ चक्कीच्या भिंतीवर बार्नाबेच्या नावाची दगडी पाटी बसवणार होतं. जूनचा दुसरा रविवार ठरलाही होता.

“मादाम ताबुरो, हात पुसा आणि बसा जरा.”

“उभ्यानंच ऐकते. कणीक वाट बघत नाही.”

मास्तरांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. “तुमचे पणजेसासरे वारले कधी?”

“हे काय विचारणं झालं? तीस मार्च, अठराशे चौदा. वस्तीतलं शेंबडं पोर सांगेल.”

“मग अठराशे बावीसच्या सप्टेंबरात ही सही कुणी केली?”

त्यांनी खिशातून पातळ कागद काढून टेबलावर पसरला. जागेच्या जुन्या खरेदीदस्तावर ठेवून त्यांनी तो स्वतः गिरवून आणला होता. खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत, प्रत्येक अक्षरावर जोर देऊन लिहिलेलं होतं, बार्नाबे ताबुरो, चक्कीवाला.

ओनोरीननं पिठाच्या हातानंच कागद उचलला. “मुलाची असेल. मुलाचंही नाव बार्नाबेच होतं.”

“मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. मीही आधी तेच म्हटलं. चर्चची वही बघून आलो.” मास्तर खाकरले. “आणि दस्तात आणखीही आहे. ही चक्की ब्री परगण्यातल्या कूरवेल गावाहून सुटी करून, गाड्यांवर घालून आणली. बावीस साली. म्हणजे चौदा साली ती इथं नव्हतीच.”

“मग इथं काय होतं?”

“कागदावरून पाहिलं तर द्राक्षांचा मळा.”

ओनोरीन हसली. मग आपण का हसलो ते तिला कळेना. मास्तर उठताना म्हणाले, “पाटी कोरायची आहे. मजकूर काय ते तुम्ही सांगा. तुमच्या घरचा माणूस आहे. मी काही बोलणार नाही कुणापाशी.”

त्या दिवशी तिनं कणकेत दोनदा मीठ घातलं. दुपारी एकानं वाइन मागितली, त्याच्यापुढं सफरचंदाची दारू ठेवली. तो म्हणाला, “मादाम, तब्येत बरी आहे ना?” ती म्हणाली, “द्राक्षांचा मळा होता म्हणे,” आणि आत निघून गेली.

कागदावर तिचा विश्वास नव्हता. लाकूड खोटं बोलणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं गॉतिए सुताराला बोलावलं. दर वर्षी जिना नि फळ्या दुरुस्त करायला तोच यायचा. दोघं दिवा घेऊन चक्कीच्या पोटात शिरली. गॉतिएनं मोठ्या तुळईवरचा चुना पटाशीनं खरवडला आणि बोट ठेवलं. लाकडात तीन उभ्या रेघा कोरलेल्या होत्या. तिच्यात बसवलेल्या आडव्या तुळईच्या टोकाशीही तीनच. पलीकडच्या जोडावर चार, आणि चार.

“हे काय?”

“खुणा. सुटं करताना घालतात, म्हणजे परत जोडताना कशात काय बसतं ते कळतं. प्रवास केलाय हिनं, मादाम. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त केलाय.”

“आणि आखूड पातं?”

गॉतिए बाहेर येऊन मान वर करून बघत राहिला. “ते माझ्या बापानं बसवलंय. वादळात मोडलं होतं, मी लहान होतो तेव्हा. लांब लाकूड मिळालं नाही, म्हणून मिळालं ते घातलं. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“मी लोकांना सांगते की गोळी लागून…”

“सांगता ते मी ऐकलंय. मला वाटलं, गोष्ट म्हणून सांगताय.”

आता ओनोरीनचं डोकं चालेना. दस्त म्हणतो चक्की नव्हती, लाकूड म्हणतं आम्ही बाहेरून आलो, सुतार म्हणतो पातं माझ्या बापाचं. मग पात्यावर चढला तो कोण, आणि कुठल्या पात्यावर?

खानावळीत शेकोटीच्या वर एक मोठं चित्र होतं. बार्नाबे पात्यावर उभा, शर्ट फाटलेला, खाली घोड्यावरचे कोसॅक. ते कोकार म्हाताऱ्यानं काढलेलं. कोकारनं पंचाऐंशी ओलांडली होती. तो वरच्या गल्लीत एका खोलीत राहायचा आणि त्याला दिसत कमी होतं, पण रंग अजून वासानं ओळखायचा. ओनोरीन त्याच्याकडे रश्श्याचं भांडं घेऊन गेली.

“बाबा, ते चित्र तुम्ही कशावरून काढलंत?”

“तुझ्या सासऱ्याच्या सांगण्यावरून. त्र्याहत्तर साल असावं. जेवणाच्या बदल्यात काढलं. काय जेवायचो तेव्हा!”

“सासरे म्हणाले का, की पणजोबा पात्यावर चढले?”

कोकारनं चमचा खाली ठेवला. “नाही गं पोरी. तो म्हणाला, दारात उभा होता, गोळी लागून पडला. पण दारात उभा माणूस म्हणजे काय चित्र होतं? गिऱ्हाइकाची वाट बघणारा वाटतो. म्हणून मी त्याला पात्यावर चढवला. तोंड आपल्या खाटकाच्या बापाचं घेतलं. छाती बघण्यासारखी होती त्याची.”

“म्हणजे ते तुम्ही…”

“चित्र लागलं, आणि दुसऱ्या वर्षापासून तुझा सासरा पात्याचीच गोष्ट सांगायला लागला. मला कोण आनंद झाला म्हणतेस!” म्हातारा खुसखुसला. मग तिच्याकडून काहीच आवाज येईना, तसा त्यानं चेहरा तिच्या दिशेला वळवला. “ओनोरीन, रडतेस का काय?”

“नाही. मला कळतच नाहीये, आपण काय करतोय ते.”

ती रडत नव्हती हे खरं होतं. तिच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. एकोणीसशे चौदाच्या ऑगस्टमध्ये आन्सेल्म एकोणचाळीसचा होता. चक्कीवाल्यांच्या घरचा, पिठातला जाणकार, म्हणून त्याला मागल्या बाजूला सैन्याच्या भटारखान्यात जागा देत होते. त्यानं घेतली नाही. ती पाया पडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. तो एवढंच म्हणाला, “ताबुरोंच्या घरातला माणूस पिठाआड लपत नाही.” आणि आघाडीवर गेला. हे वाक्य अकरा वर्षं तिनं एखाद्या दागिन्यासारखं जपलं होतं. पात्यावर कुणी चढलंच नसेल, तर आन्सेल्म कुणाच्या पाठोपाठ गेला?

नणंदेला सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हतं. आगात आन्सेल्मची थोरली बहीण, लग्न न केलेली. मागल्या दोन खोल्यांत राहायची आणि खानावळीची भांडीकुंडी बघायची. तिनं उभ्यानं सगळं ऐकलं. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले.

“त्या मास्तरड्याला सांग, शाळेतली पोरं सोडून मेलेल्यांना छड्या मारू नकोस म्हणावं.”

“आगात, सही मी स्वतः पाहिली.”

“पाहिलीस ना? मग मिटून घे डोळे. माझा भाऊ त्या नावापायी मेला. पाटीवर ठरलं तेच कोरलं जाईल.”

“आणि ते खरं नसलं तर?”

“तू या घरात आलीस चोवीस वर्षांची होऊन. तू नको मला सांगूस काय खरं ते.” आगातनं ओला फडका टेबलावर आपटला आणि दार लावून घेतलं. त्यानंतर ती ओनोरीनशी बोलेनाशी झाली. काही हवं असलं तर मांजराला सांगायची.

शेवटी ओनोरीननं खानावळ एक दिवस बंद ठेवली, काळा झगा घातला आणि पूर्वेच्या स्टेशनवरून गाडी पकडली. उतरली त्या स्टेशनापासून कूरवेल पायी तासाभराच्या वाटेवर होतं. दोन्हीकडे गव्हाची शेतं, मधून पांढरा रस्ता. गावाच्या टोकाला एक गवताळ उंचवटा होता, त्यावर शेळी बांधली होती. जवळच्या घराच्या कुंपणाशी एक गाढव उभं होतं आणि ओट्यावर एक फार म्हातारी बाई मटार सोलत बसली होती. तिचं नाव यूलाली.

“आजी, या टेकाडाला काय म्हणतात?”

“चक्कीचं टेकाड.”

“पण चक्की कुठं आहे?”

“ती गेली. माझ्या जन्माआधी गेली. तुम्ही कोण?”

ओनोरीन घुटमळली. “मी ताबुरोंची सून.”

म्हातारीचे हात थांबले. तिनं घरात तोंड करून हाक मारली, “प्रॉस्पेर! बाहेर ये! ताबुरो आले परत!”

आतून सत्तरीचा एक ठेंगणा माणूस तोंड पुसत आला. हा तिचा चुलतभाऊ. जन्मभर रस्त्यांवर खडी टाकलेला, त्यामुळे पाठीतून वाकलेला. दोघं तिच्याकडे अशी बघायला लागली, जशी काही तीच गाव सोडून गेली होती.

“बसा,” यूलाली म्हणाली. “आमच्याकडे कुणी त्यांचं नाव घेत नाही, पण तुम्ही एवढ्या लांबून आलात. माझ्या आजीनं, आईच्या आईनं, सांगितलेलं सांगते. अठराशे चौदाच्या फेब्रुवारीत कोसॅक आले. पाचशे घोडी. गावात पीठ नव्हतं, धान्य होतं. त्यांचा अधिकारी म्हणाला, दळून द्या, नाहीतर गाव पेटवतो. बार्नाबे ताबुरोनं काय करावं? जातं फिरवणारा लोखंडी दांडा काढून घेतला आणि रानात पळाला. म्हणाला, शत्रूला दळून देणार नाही. मग त्याची बायको पेरीन रानात गेली, त्याच्या हातून दांडा ओढून घेतला, परत आली आणि चार दिवस नि चार रात्री दळत बसली.”

“चूक,” प्रॉस्पेर म्हणाला.

“काय चूक?”

“दांडा पेरीननं पळवला. दळलं ते बार्नाबेनं. बाई रानात लपली होती, पोटुशी होती.”

“माझ्या आजीनं डोळ्यांनी पाहिलंय!”

“आणि माझी आजी काय आंधळी होती?”

“तुझी आजी तेव्हा पाळण्यात होती, प्रॉस्पेर.”

“असेल, पण तिच्या आईनं पाहिलं होतं!”

दोघं जुंपली. ओनोरीन या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिली. एक पळाला आणि एकानं दळलं, एवढंच दोघांच्यात सारखं होतं. पळाला तो शूर, की ज्यानं दळलं तो? की दोघंही नाहीत? तिनं मधेच विचारलं, “पण गावाचं काय झालं?”

“गावाचं काय व्हायचं? उभं आहे की.” यूलालीनं हातानं भोवताली दाखवलं. “अलीकडलं-पलीकडलं, दोन गावं जळली. आमचं नाही जळलं.”

“मग गावानं त्यांना मानलं असेल.”

भांडायचं होतं तेव्हा शब्दाला शब्द होता, आता दोघं एकमेकांकडे बघेनात. प्रॉस्पेर उठून शेळीकडे गेला. यूलालीनं मटाराची एक शेंग उगाचच दोनदा सोलली.

“आठ वर्षं त्यांच्या दारात कुणी धान्य घेऊन गेलं नाही,” ती म्हणाली. “माझी आजीही गेली नाही. तीन कोसावर दुसऱ्या चक्कीवर जायची, पाठीवर पोतं घेऊन. तिचं घर तर त्या पिठानं वाचलेलं.”

“मग का?”

“मीही विचारलं होतं. आजी म्हणाली, जळालेल्या गावातली माणसं बाजारात भेटायची. विचारायची, तुमचं कसं राहिलं? आम्ही म्हणायचो, आम्ही नाही हो दळून दिलं, ते ताबुरोंनी. असं म्हणायचं म्हणजे मग त्यांच्याकडे जाता येत नाही.” म्हातारीनं सालं एप्रनमध्ये गोळा केली. “एके दिवशी त्यांनी चक्की उतरवली, गाड्यांवर घातली आणि गेले. आजी म्हणायची, रस्त्यात सगळी दारं लावलेली होती, पण प्रत्येक दारामागे माणूस होतं.”

परतीच्या गाडीत ओनोरीनच्या मांडीवर यूलालीनं दिलेली मटाराची पिशवी होती. पिठाआड लपत नाही, पिठाआड लपत नाही, असं गाडीची चाकं म्हणताहेत असं तिला वाटायला लागलं. तेच शब्द, पण आता त्यांचा अर्थ सरकून भलतीकडेच गेला होता. आन्सेल्मला हे माहीत असेल का? शक्य नाही. तो तर दर रविवारी छाती काढून सांगायचा. पण मग पीठ कुठून आलं त्या वाक्यात?

घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. आगात अंगणात बाकं पुसत होती. ओनोरीननं पिशवी तिच्यापुढं ठेवली आणि मांजराच्या आडून न बोलता सरळ विचारलं, “पेरीन कोण होती?”

आगात मटकन बाकावर बसली.

“तुला ठाऊक होतं,” ओनोरीन म्हणाली.

“बाबांनी जाताना सांगितलं. मी दाराशी उभी होते. मला सांगितलं नाही त्यांनी, आन्सेल्मला सांगितलं.”

“आन्सेल्मला?”

“तुमच्या लग्नाच्या आधी दोन वर्षं.”

ओनोरीनला वाटलं, आपण ऐकण्यात चूक करतोय. “म्हणजे दर रविवारी तो जे सांगायचा…”

“दर रविवारी.”

“आणि मला एकदाही…”

“तू मागे उभी राहून इतकी जीव लावून ऐकायचीस. मी एकदा म्हटलं त्याला, बायकोला तरी खरं सांग. तर म्हणाला, तिला ती गोष्ट आवडते.” आगातचा आवाज फाटला. “मी चिडून दार लावलं तुझ्यावर. मला वाटलं, तू खणत गेलीस तर इथवर येशील. आलीस.”

“मग तो गेला कशाला, आगात? भटारखान्यात का नाही राहिला? पणजोबाचं ते धुऊन काढायला गेला का?”

“तू तसं म्हणतेस. मला वाटतं, पंधरा वर्षं सांगून सांगून त्याला ती खरीच वाटायला लागली होती.”

“माहीत असून?”

“माहीत असून. माणसाला होतं तसं.”

“नाही. मला नाही वाटत.”

“मग नको वाटू देऊस. मला काय त्यानं लिहून दिलंय?”

मग आगातनं पिशवी उघडली आणि मटार सोलायला घेतले. ओनोरीननंही हात लावला. आपण नवऱ्याला ओळखत होतो की नव्हतो, हे तिला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिला राग यायला हवा होता, तो शोधूनही सापडत नव्हता. आन्सेल्म रविवारी गोष्ट संपवून मागे वळायचा आणि तिच्याकडे बघायचा, ते आठवत होतं. ते बघणं कसलं होतं, हे मात्र आता अजिबात कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती लार्दनवा मास्तरांकडे गेली आणि पाटीवर काय कोरायचं ते सांगितलं. मास्तरांनी दोनदा वाचलं. “लोक विचारतील.”

“विचारू देत.”

जूनच्या त्या रविवारी अंगणात उभं राहायला जागा नव्हती. चित्रकार आले, त्यांच्या मॉडेल पोरी आल्या, खाटीक, बेकरीवाला, अकॉर्डियनवाला. कोकार म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. मास्तरांनी चादर ओढली. पाटीवर होतं: ‘बार्नाबे आणि पेरीन ताबुरो, चक्कीवाले. ही चक्की त्यांनी कूरवेलहून इथं आणली, १८२२.’

कुजबुज सुरू झाली. मग सगळे ओनोरीनकडे बघायला लागले. ती नेहमीच्या जागी, दारात उभी राहिली. सवयीनं तोंडून निघालं, “अठराशे चौदाच्या मार्चमध्ये…” आणि ती अडखळली. पुढचं येईना. मग तिनं सांगितलं. दस्त, रेघा, कूरवेल, चार दिवसांचं दळण, आठ वर्षांची बंद दारं. पेरीननं दळलं की बार्नाबेनं, त्यावर दोघांची भांडणं आहेत, हेही सांगितलं. आन्सेल्मचं सांगितलं नाही. कुठं थांबायचं ते कळलं नाही, म्हणून ती मधेच थांबली.

“आणि पातं?” कुणीतरी ओरडलं.

“ते माझ्या बापाचं!” गॉतिए मागून म्हणाला.

“मग आमच्या चित्रांचं काय?” एका तरुण चित्रकारानं विचारलं. कोकार खुर्चीतून म्हणाला, “माझ्या खाटकाचं काय ते आधी सांगा!” लोक हसले, पण सगळे नाही. खाटकानं टोपी घातली आणि रागानं निघून गेला. एक बाई म्हणाली, शत्रूला दळून देणाऱ्यांची पाटी लावायची म्हणजे कमाल झाली. दुसरी म्हणाली, तुझं घर जळत असतं मग कळलं असतं.

या गोंधळातून एक कुबडीवाला माणूस पुढं आला. हा द्यूफूर, खालच्या रस्त्यावर घड्याळं दुरुस्त करायचा. आन्सेल्मच्याच तुकडीतला.

“मादाम,” तो म्हणाला, “आन्सेल्मनं आम्हाला खंदकात ती गोष्ट सांगितली होती.”

“कुठली?”

“पात्याची. चिखलात गुडघाभर उभे होतो. रोज कुणीतरी म्हणायचं, ताबुरो, चक्कीचं सांग. त्यावर आम्ही दिवस काढले. माझा पाय गेला तेव्हा दवाखान्यात मी ती दुसऱ्यांना सांगितली. आता तुम्ही म्हणता, खोटी होती.”

“खोटी होती.”

“त्याला ठाऊक होतं?”

आगात खिडकीशी उभी होती, ती हलली नाही. ओनोरीनला खोटं बोलता आलं असतं. नकळत का होईना, अकरा वर्षांचा सराव होता. “होतं,” ती म्हणाली.

द्यूफूरनं कुबडी बगलेत नीट केली. “मग आता मी त्याला काय समजू?”

“मलाही हेच कुणालातरी विचारायचं होतं, मस्यू द्यूफूर. वाटलं, तुम्ही सांगाल.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग पाटीकडे. “सांगायचा मात्र झकास,” एवढंच म्हणाला, आणि बाकावर जाऊन बसला. ओनोरीननं त्याच्यापुढं वाइन आणून ठेवली. तो अंधार पडायच्या आधी उठला नाही.

लोक पांगले. अर्धी माणसं नाराज होऊन गेली. मास्तर सगळ्यांच्या हातापाया पडून दमले होते. स्वयंपाकघरात आगात पेले विसळत होती, ओनोरीन पुसत होती.

“पुढल्या रविवारी काय सांगशील?” आगातनं विचारलं.

“माहीत नाही. येतील का तरी लोक?”

“येतील. आज भांडून गेलेत, म्हणजे येतील.” आगातनं पेला उजेडाकडे धरून पाहिला. “ते टेकाड केवढं आहे?”

“आपल्या अंगणाएवढं. गवत आहे. शेळी बांधली होती.”

“बघायला हवं एकदा.”

“जाऊ या की.”

“माझे गुडघे बघितलेस का? तासभर चालणं म्हणतेस.”

“प्रॉस्पेरकडे गाढव आहे. पत्र टाकते त्याला.”

“ताबुरोंना आणायला गाढव पाठवील तो?”

“पाठवील की नाही, मला काय ठाऊक,” ओनोरीन म्हणाली. “विचारून तर बघू.”